विश्लेषण : रोज सकाळची साखर ग्रुपवर टाकल्याने मधुमेह आटोक्यात येतो का?

पहाटे चिकलठाणा एमआयडीसीच्या रस्त्यांवर कामगारांच्या बस धावू लागतात. रात्रपाळी सुटत असते, पहिली पाळी भरत असते. त्याच वेळी आसपासच्या कित्येक घरांत बोटाला सुई टोचली जाते, पट्टीवर रक्ताचा थेंब पडतो आणि काही सेकंदांत दिसलेल्या आकड्याचा फोटो मोबाइलवरून रवाना होतो. ‘फास्टिंग १३८.’ खाली अंगठे येतात, हात जोडलेले येतात. कोणी ‘छान कंट्रोल आहे’ म्हणून पाठ थोपटतो, तर कोणी ‘काल गोड खाल्लं ना, अण्णा?’ म्हणून कान धरतो. ग्लुकोमीटर सामान्य घरांत पोहोचला, मोबाइल प्रत्येकाच्या हाती आला आणि मधुमेहाचा सकाळचा आकडा घरच्या, मित्रांच्या, कामावरच्या ग्रुपवरचा रोजचा निरोप झाला. या सवयीचा उपयोग किती, धोका कुठे आणि जो कामगार सकाळी घरी येऊन झोपतो त्याची ‘सकाळची साखर’ नेमकी कोणती?

मधुमेहाचे प्रमाण किती आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेल्या या अभ्यासानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे जाते. याच अभ्यासाच्या २०११ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. तेव्हा राज्यातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. शहरी भागात हे प्रमाण १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते.

‘आपण काही जाड नाही, आपल्याला कशाला साखर होईल?’ हा समज इथे उपयोगी पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले की, भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. कारखान्यात दिवसभर उभे राहून काम करणारा काटक कामगारही मधुमेही निघतो, त्याचे एक कारण इथे सापडते.

सकाळचा आकडा काय सांगतो?

किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही न घेता मोजलेली साखर म्हणजे उपाशीपोटीची साखर. प्रयोगशाळेतील तपासणीत ती १०० मिलिग्रॅमपेक्षा (प्रति डेसिलिटर) कमी असेल तर सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह मानला जातो. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री केली जाते. ज्यांना मधुमेह आहेच, अशा बहुतेक प्रौढांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशन जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत अशी मर्यादा सुचवते. वृद्ध, किडनीचे रुग्ण किंवा वारंवार साखर उतरणाऱ्यांसाठी डॉक्टर ही मर्यादा सैल ठेवतात. त्यामुळे ७५ वर्षांच्या आजीची १४५ आणि ४० वर्षांच्या मुलाची १४५ यांचा अर्थ एक नसतो. ग्रुपवर मात्र दोघांना सारखाच शेरा मिळतो.

सकाळचा आकडा मुख्यतः रात्रभर यकृताने किती साखर सोडली आणि शरीरातील किंवा टोचलेल्या इन्सुलिनने ती किती आवरली, एवढे सांगतो. दुपारच्या डब्यानंतर किंवा संध्याकाळच्या चहा-फरसाणानंतर साखर २२० पर्यंत गेली होती का, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच सकाळी ११० पाहून निश्चिंत राहिलेल्या अनेकांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आठच्या घरात निघते. एचबीए१सी ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, तर ८ टक्के म्हणजे सुमारे १८३.

काहीच खाल्ले नाही, तरी साखर वाढते कशी?

‘रात्री झोपताना १३०, सकाळी उठल्यावर १६५. मधे तर पाणीसुद्धा प्यायलो नाही’, ही तक्रार डॉक्टरांच्या ओळखीची असते. पहाटे तीन ते आठच्या दरम्यान शरीर उठण्याच्या तयारीला लागते. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड लगेच इन्सुलिन वाढवून ही साखर आवरते. मधुमेहीला ते जमत नाही आणि आकडा चढतो. वैद्यकशास्त्रात याला ‘डॉन फिनॉमिनन’, म्हणजे पहाटेची वाढ, म्हणतात.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. रात्री दहा-साडेदहाला झालेले भरपेट जेवण. दुसरी पाळी अकराच्या सुमारास सुटल्यावर घरी येऊन बाराला जेवणाऱ्याची साखर झोपतानाच चढलेली असते आणि ती सकाळपर्यंत पुरती उतरत नाही. तिसरे कारण रात्रीच्या औषधाची किंवा इन्सुलिनची मात्रा कमी पडणे. रात्री साखर खूप उतरून सकाळी उलट वाढते, असेही सांगितले जाते. १९३० च्या दशकात मायकेल सोमोजी यांनी मांडलेली ही कल्पना त्यांच्या नावाने ओळखली जाते. सतत साखर मोजणारी यंत्रे आल्यानंतर मात्र सकाळच्या वाढीमागे हे कारण क्वचितच असते, असे दिसू लागले आहे.

यातले कोणते कारण खरे, हे एकट्या सकाळच्या आकड्यावरून कळत नाही. दोन-तीन दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी तीनदा साखर मोजली तर उलगडा होतो. झोपताना १९० आणि सकाळी १८५ असेल तर दोष रात्रीच्या ताटाचा. झोपताना १३०, तीनला १२५ आणि सकाळी १६५ असेल तर पहाटेची वाढ. तीनला ६० असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. महिनाभर रोज टाकलेल्या तीस आकड्यांपेक्षा हे नऊ आकडे डॉक्टरांना अधिक काही सांगून जातात.

तिसऱ्या पाळीतील कामगाराची ‘फास्टिंग’ कोणती?

चिकलठाण्यासारख्या औद्योगिक भागात हा प्रश्न रोजचा आहे. समजा, एखादा कामगार रात्री अकरा ते सकाळी सात अशी पाळी करतो. एक वाजता डबा, पहाटे चारला कँटीनचा साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे. साडेसातला घरी पोहोचून तो साखर मोजतो आणि ‘फास्टिंग १७२’ असे टाकतो. हा आकडा उपाशीपोटीचा नाहीच. खाऊन साडेतीन तासच झालेले आहेत. त्यावरून कोणी ‘गोळी वाढवा’ असा सल्ला दिला तर तो चुकीच्या आकड्यावर दिलेला चुकीचा सल्ला ठरतो.

अशा माणसासाठी ‘सकाळ’ म्हणजे घड्याळातील सहा वाजण्याची वेळ नव्हे. त्याच्या मुख्य झोपेनंतरची, पुरेसे तास काही न खाता घेतलेली पहिली मोजणी ही त्याची उपाशीपोटीची साखर. ती दुपारी तीनला येऊ शकते. सकाळी झोपेआधी खाऊन आठ तास झाले नसतील, तर ती मोजणी ‘उपाशीपोटी’ म्हणून लिहू नये. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर आकड्यासमोर पाळी लिहिणे अत्यावश्यक आहे. नाहीतर पहिल्या पाळीच्या आठवड्यातील १२५ आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यातील १७२ एकाच रांगेत बसतात आणि ‘साखर अचानक वाढली’ असा भास होतो.

रात्रीचे काम साखरेवर परिणाम करते, हे आता नीट नोंदवले गेले आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२०११) पाळ्यांमध्ये रात्रकाम करण्याची वर्षे जसजशी वाढली, तसतसा टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला. गोळ्यांची आणि इन्सुलिनची वेळही पाळीप्रमाणे बदलावी लागते. पण तपासणीच्या खोलीत ‘कोणत्या पाळीत काम करता?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर रुग्णाने ते स्वतःहून सांगायला हवे.

मीटरचा आकडा किती खरा?

ग्लुकोमीटर उपयुक्त आहे, पण तो सोनाराचा काटा नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार (आयएसओ १५१९७:२०१३) साखर १०० किंवा अधिक असताना मीटरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के कमी-जास्त या मर्यादेत असले पाहिजेत. म्हणजे प्रयोगशाळेत १४० असलेली साखर मीटरवर ११९ दिसली किंवा १६१ दिसली, तरी यंत्र नियमात बसते. ‘काल १३२ होती, आज १४४ झाली’ म्हणून घरात वाद घालण्यात अर्थ नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटरवरचे दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून कोण पुढे, कोण मागे हे ठरवणे तर त्याहून निरर्थक.

बऱ्याच चुका बोटावरच होतात. जपानमधील २०११ च्या एका प्रयोगात फळ सोलल्यानंतर हात न धुता साखर मोजली तेव्हा आकडा भलताच वाढलेला आला आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही तो खाली आला नाही. पाण्याने धुतल्यावर मात्र तो ठीक आला. मोसंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. मशिनवर काम करणाऱ्यांच्या बोटांना तेल-ग्रीस असते. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, मुदत संपलेली पट्टी वापरू नये आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. रक्त खूप कमी असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर मीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सीही वाढलेले दिसू शकते. महिलांच्या बाबतीत हे विशेष पाहिले पाहिजे.

घरी साखर मोजण्याची सुरुवात कशी झाली?

काही दशकांपूर्वी घरात साखर तपासायची म्हणजे परीक्षानळीत बेनेडिक्टचे द्रावण घेऊन, त्यात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे आणि निळा, हिरवा, पिवळा, विटकरी असा रंग पाहायचा. त्यातून कित्येक तासांपूर्वीची स्थिती ढोबळपणे कळे. रक्तातील साखर मोजणारे पहिले यंत्र १९७० च्या आसपास अमेरिकेत आले, पण ते रुग्णालये आणि डॉक्टरांनाच विकले जाई. लहानपणापासून टाइप-१ मधुमेह असलेले रिचर्ड बर्नस्टीन हे तेव्हा इंजिनीअर होते. त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने ते यंत्र मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. कोणत्या घासाने साखर किती चढते आणि किती इन्सुलिनने ती किती उतरते, याचा हिशेब त्यांनी मांडला. डॉक्टर मंडळी एका इंजिनीअरचे ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. २०२५ मध्ये वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

बर्नस्टीन यांच्या मोजण्यात एक गोष्ट होती, जी रोजच्या फोटोत बहुधा नसते. प्रत्येक आकड्यानंतर ते काहीतरी बदलत होते.

रोज मोजल्याने साखर उतरते का?

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी उत्तर स्पष्ट ‘होय’ असे आहे. टाइप-१ मधुमेहात दिवसातून अनेकदा मोजल्याशिवाय इन्सुलिनची मात्रा ठरवताच येत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा गरजू मुलांसाठी काम करते. टाइप-२ मध्ये रात्रीचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन सुरू केले जाते, तेव्हा त्याची मात्रा सकाळच्या आकड्यावरूनच हळूहळू वाढवली जाते. या शहराचे इन्सुलिनशी आणखी एक नाते आहे. इथे कारखाने असलेल्या वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ हे भारतात विकसित झालेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले.

इन्सुलिन न घेणाऱ्या, फक्त गोळ्यांवर असलेल्या टाइप-२ रुग्णांचे चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात अशा ४५० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाने घरी मोजलेच नाही, दुसऱ्याने रोज एकदा मोजले आणि तिसऱ्याने रोज मोजल्यावर त्याला यंत्रावरून अनुरूप संदेशही मिळाला. वर्षभरानंतर तिन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर आयर्लंडमधील २००८ च्या अभ्यासात तर नव्याने मधुमेह झालेल्या ज्या रुग्णांना घरी मोजायला सांगितले होते, त्यांच्यात नैराश्याचे गुण इतरांपेक्षा ६ टक्क्यांनी जास्त आढळले.

याचा अर्थ मीटर फेकून द्यावा असा नाही. वजनकाट्यावर रोज उभे राहिल्याने वजन उतरत नाही, तसेच हे आहे. आकडा पाहून ताट, चालणे, झोप किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध यांपैकी काही बदलले तरच तो कामी येतो. औषध नवीन सुरू झाले असेल, बदलले असेल, ताप-जुलाब असतील, साखर उतरण्याची भीती असेल, तेव्हा मोजणे मोलाचे असते. सगळे स्थिर असेल तर रोज मोजावे की आठवड्यातून दोनदा, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. पट्ट्यांचा खर्चही वाचतो.

मग आकडा दुसऱ्याला सांगण्याचा उपयोग काय?

इथे एक अभ्यास बोलका आहे. अमेरिकेत मधुमेह असलेल्या २४४ माजी सैनिकांपैकी काहींच्या जोड्या लावून दिल्या गेल्या. दोघेही मधुमेही. त्यांनी एकमेकांना आठवड्याला फोन करायचा, चौकशी करायची, अडचण बोलायची. उरलेल्यांना परिचारिकेची देखरेख मिळाली. सहा महिन्यांनी जोडीदार असलेल्यांचे एचबीए१सी सरासरी ८.०२ वरून ७.७३ वर आले. दुसऱ्या गटात ते ७.९३ वरून ८.२२ वर गेले. हा अभ्यास २०१० मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतातही असा पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना आहार-व्यायामाबद्दल मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संदेश साधे होते, पण ते माणसाच्या तयारीनुसार बेतलेले होते आणि त्यांत काय करायचे हे सांगितलेले होते.

दोन्हींतून एकच गोष्ट पुढे येते. आकडा ऐकणारा माणूस जबाबदारीने उत्तर देणारा असेल तर सांगण्याचा फायदा होतो. पन्नास जणांच्या ग्रुपवर पन्नास अंगठे मिळतात. ‘काल किती वाजता जेवलात?’ हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

ग्रुपवर धोका कुठे?

पहिला धोका औषधांच्या देवाणघेवाणीचा. ‘माझी १०५ आली, मी गोळी अर्धी केली’ हे वाचून दुसराही तसे करतो. पण औषध एकच असले तरी मात्रा, वय, किडनीची स्थिती आणि कामाचे स्वरूप वेगळे असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायक उतरू शकते. टाइप-१ मधुमेहात कोणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतते.

दुसरा धोका शरमेचा. आकडा परीक्षेतील गुणांसारखा झाला की माणूस तो लपवू लागतो. वाढलेली साखर टाकायची नाही, कमी आलेलीच टाकायची. कधी आदल्या रात्री जेवण सोडून ‘चांगला’ आकडा आणायचा. जिथे मदत हवी तिथेच गप्प बसायचे, अशी उलटी गत होते. मधुमेहाने येणाऱ्या या सततच्या मानसिक ताणाला डॉक्टर ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात.

तिसरा धोका खासगीपणाचा. कंत्राटी कामगाराला आजार कळल्यावर काम जाण्याची धास्ती असते. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या मधुमेहाची वाच्यता घरचे टाळतात. एकदा ग्रुपवर गेलेला फोटो कोणाकोणाकडे पोहोचेल, यावर पाठवणाऱ्याचा ताबा राहत नाही.

उपवास आणि रोजाच्या दिवसांत काय?

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला की अनेकांना नवल वाटते, कारण ‘उपवास’ होता. साबुदाणा, बटाटा, रताळे आणि केळी यांत पिष्ट आणि साखरच असते. उपवासाची खिचडी ताटभर खाल्ली तर साखर भाकरीच्या जेवणापेक्षा जास्त चढू शकते. उलट, निरंकार उपवास करून गोळी मात्र नेहमीसारखी घेतली तर साखर उतरते.

रमजानमध्ये पहाटेच्या सहेरीमुळे सकाळचा आकडा उपाशीपोटीचा राहत नाही. बोटातून रक्त काढून साखर मोजल्याने रोजा तुटत नाही, असे याविषयीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात नमूद आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असेही त्यात सांगितले आहे. उपवास असो की रोजा, औषधांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

आकडा कसा आणि कोणाला सांगावा?

आकड्यासोबत पाच गोष्टी लिहिल्या तर तो बोलका होतो : मोजण्याची वेळ, शेवटचे खाणे कधी आणि काय, झोप किती व पाळी कोणती, औषध घेतले की चुकले, आणि ताप, दुखणे किंवा ताण होता का. उदाहरणार्थ, ‘१७२. सकाळी साडेसात. तिसरी पाळी. चारला चहा-बिस्किट. गोळी घेतली.’ नुसत्या ‘फास्टिंग १७२’ पेक्षा या ओळीवरून डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. ही नोंद साध्या वहीत ठेवून तपासणीला नेली तरी पुरते.

सांगण्यासाठी तीन माणसे पुरेशी आहेत. उपचार करणारे डॉक्टर, घरातील स्वयंपाक आणि औषधांची घडी बसवणारी व्यक्ती आणि कामावरचा एक विश्वासू सहकारी. तिसरा माणूस सर्वात जास्त विसरला जातो. प्रेस मशिन, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवताना अचानक घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे असतात. शेजारी उभ्या असलेल्याला ती ओळखता आली पाहिजेत. नाहीतर ‘पिऊन आलाय’ असा शिक्का बसतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. पाळी सुटल्यावर जालना रोडवरून दुचाकीने घरी निघण्यापूर्वीही हाच धोका असतो.

साखर ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजूनही कमी असेल तर पुन्हा तेच करावे. साखर सावरल्यावर काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. साखर ३०० च्या वर टिकून असेल आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर ग्रुपवर विचारत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

चिकलठाणा परिसरात ‘मिनी घाटी’ म्हणून ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे घाटी रुग्णालय. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी अपेक्षित आहे. ज्यांनी अजून एकदाही साखर मोजलेली नाही, त्यांची सुरुवात तिथून होऊ शकते. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी आणि वर्षातून एकदा डोळे, किडनी आणि पाय तपासून घ्यावेत. या अवयवांचे नुकसान सकाळच्या आकड्यात दिसत नाही. बूट घालून आठ-दहा तास उभे राहणाऱ्याने घरी आल्यावर तळपाय पाहण्याची सवय लावून घ्यावी. संवेदना गेलेल्या पायाला झालेली जखम दुखत नाही आणि म्हणूनच ती चिघळते.

उद्या पहाटे पुन्हा फोटो येतील. त्यात कोणाचा आकडा वाढलेला दिसला तर ‘काय खाल्लंस?’ असे दरडावण्याआधी ‘रात्री जेवायला उशीर झाला का? पाळी कोणती होती? झोप लागली का?’ असे विचारता येईल. उत्तर मिळाले की पुढचे पाऊल ठरवता येते, आणि गरज पडली तर त्याच दिवशी सोबत करून डॉक्टरांकडेही जाता येते.